पेशीतला कोतवाल

दिवाळीच्या फराळानंतर बैठकीत तबक फिरू लागते. पान, चुना, कात, सुपारी, वेलदोडा. आणि एका कोपऱ्यात, ज्याला हवी त्याच्यासाठी, तंबाखूची चिमूट. पाहुण्याला विडा न देणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठविणे, अशी आपली जुनी समजूत. आमच्या पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत, या तबकाची जागा आता बऱ्याच अंशी खर्ऱ्याने घेतली आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र करून पन्नीवर घोटायचा, पुडी बांधायची आणि गालात धरायची. पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्यासारख्या गावात खर्रा देणे-घेणे ही ओळखीची आणि स्नेहाची खूण झाली आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीवर भाकरी एखादे वेळी उशिरा पोहोचली तरी चालते. पुडी मात्र वेळेवर पाहिजे.

हा लेख खर्ऱ्यावरचे प्रवचन नव्हे. मी मराठीचा मास्तर. प्रवचन करण्याची सवय मला वर्गात पुष्कळ आहे आणि त्याचा उपयोग किती होतो हेही मला ठाऊक आहे. मला सांगावयाचा आहे तो एका प्रश्नाचा इतिहास. गालाच्या ज्या खाचेत ही गोळी वर्षानुवर्षे धरली जाते, नेमक्या त्याच जागी वीस-पंचवीस वर्षांनी कर्करोग का उत्पन्न व्हावा? पहिल्याच वर्षी का नाही? आणि तेवढीच पुडी खाणाऱ्या शेजाऱ्याला का नाही? या प्रश्नाचा माग काढीत गेलेली माणसे परळच्या एका इमारतीतून निघाली आणि शेवटी डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या एका प्रथिनापाशी जाऊन थांबली. त्यांतली काही माणसे आपलीच, मराठी घरांतली होती.

मुंबईस परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ चा जन्म, लंडनला विकृतिशास्त्र शिकून आलेले, ग्रँट मेडिकल आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकविलेले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. विकृतिशास्त्रज्ञाचे काम मोठे अवघड आणि काहीसे उदास असते. शस्त्रक्रियेत कापून काढलेला तुकडा त्याच्यापुढे येतो. तो पातळ चिरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि सांगायचे, हा कर्करोग आहे किंवा नाही. रोगी त्याला क्वचितच भेटतो. खानोलकर मात्र काचेवरच्या तुकड्यावर थांबले नाहीत. हा माणूस कुठला, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हे ते विचारू लागले.

त्या चौकशीतून १९४५ साली एक लेख निघाला. डॉ. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या या लेखात हिंदुस्थानातील कर्करोगाच्या तीन नव्या तऱ्हा वर्णिल्या होत्या आणि तिन्हींचे मूळ माणसांच्या सवयीत होते. आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा नावाची जाड चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढतात. तेथे टाळूला कर्करोग. बिहारकडे तंबाखू-चुन्याची खैनी खालच्या ओठामागे ठेवतात. तेथे नेमक्या त्या खोबणीत कर्करोग. तिसरी तऱ्हा वाचून तर आपण चमकतोच. ती धोतराची! जन्मभर कमरेच्या एकाच रेषेवर घट्ट आवळलेले धोतर, त्याखाली घाम आणि घर्षण. आधी कातडीचा रंग उडतो, मग खपल्या, आणि फार क्वचित, फार वर्षांनी, कर्करोग. पुढे परकराच्या नाडीखालीही हाच प्रकार डॉक्टरांना आढळला. रेशीमकाठी धोतरांसाठी नाव मिळविलेली पवनी आमच्या शेजारीच आहे. म्हणून घाईने सांगतो की ही तऱ्हा अत्यंत विरळा आहे आणि धोतराने कोणी भिऊ नये. पण खानोलकरांच्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते. काश्मिरात लोक फेरनमध्ये निखाऱ्याची कांगडी धरतात आणि त्यांच्या पोटामांड्यांवर कर्करोग उठतो, हे त्याआधीच ठाऊक होते. आता धोतर, खैनी आणि चुट्टा यांची साक्ष मिळाली. रोग कोठूनतरी अकस्मात कोसळत नाही. जेथे पेशींना रोज इजा होते आणि रोज ती भरून काढावी लागते, तेथे तो येतो.

१९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या डॉ. कमल रणदिवे (माहेरच्या समर्थ, जन्म पुणे १९१७, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी) अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम शिकून आल्या. याच गाय यांनी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी काचेच्या नळीत जगविल्या. त्या हेला पेशी आजतागायत वाढतच आहेत. रणदिवेबाईंनी परत येऊन मुंबईत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची, प्रयोगशाळा उभी केली, स्तनाचा कर्करोग होणाऱ्या उंदरांची जात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, आणि कर्करोग, संप्रेरके व विषाणू यांचा संबंध शोधण्यात आयुष्य घातले. १९७३ साली भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. काचेच्या भांड्यात पेशी वाढविता येणे ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. पुढचा सारा इतिहास त्या भांड्यातच घडला आहे.

इकडे रुग्णांकडून येणारी माहिती साचत होती. १९५३ साली मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडातील एका विकाराचे वर्णन केले: गालाचे अस्तर पांढरट, ताठर होत जाते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. आमच्याकडे विशी-पंचविशीची मुले तोंडात दोन बोटेही घालू शकत नाहीत, ती याचमुळे. मग १९७२ साली डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी किती ग्रामस्थांची तोंडे तपासली असतील? १,०१,७६१! एवढी माणसे एकामागून एक उजेडात बसवून, आ करायला लावून पाहणे म्हणजे काय, हे शाळेत पन्नास मुलांची आरोग्य तपासणी ज्याने पार पाडली आहे त्यालाच कळेल. तंबाखू, पांढरे चट्टे आणि कर्करोग यांची साखळी या कामातून पक्की झाली.

पण साखळीच्या आत काय आहे, ते कळेना. तंबाखूतील विष पेशीत शिरून नेमके काय करते?

येथे थोडे पेशीविषयी बोलले पाहिजे. आपण सारे एका पेशीपासून झालो. एकीच्या दोन, दोहोंच्या चार असे होत होत हे शरीर बनले. गालाचे आतले अस्तर तर दर काही आठवड्यांनी नवे होते. जुन्या पेशी गळतात, खालच्या दुभागून त्यांची जागा घेतात. दुभागण्याआधी प्रत्येक पेशीला आपल्यातील सारी अनुवंशिक पोथी, सुमारे तीनशे कोटी अक्षरांची, उतरून काढावी लागते. पूर्वीच्या लेखनिकांच्या हातून पोथ्या उतरताना चुका होत, तशा येथेही होतात. बहुतेक चुका निरुपद्रवी. पण ‘थांब’ सांगणारी ओळच जर पुसली गेली, तर ती पेशी दुभागतच राहते, तिच्या लेकीही तसेच करतात, आणि अशा पेशींच्या बेबंद गर्दीलाच आपण कर्करोग म्हणतो. तेव्हा प्रश्न असा की ‘थांब’ म्हणणारा कोण?

त्याचा पत्ता लागला तो एका माकडाच्या मूत्रपिंडातून. आणि ते माकडही बहुधा आपल्याच देशातले असावे. १९५० नंतरच्या दशकात पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवीत, आणि त्यासाठी लाल तोंडाची माकडे उत्तर भारतातून हजारोंनी परदेशी जात. (१९७८ साली ही निर्यात बंद झाली.) १९६० साली या पेशींत एक अनोळखी विषाणू सापडला. माकडांतील चाळिसावा विषाणू म्हणून त्याचे नाव एसव्ही-४०. माकडाला तो बाधत नसे; पण उंदीर-घुशींच्या कुळातल्या प्राण्यांत त्याने गाठी उठत. विषाणू तर अगदी चिमुकला, त्याच्यापाशी हत्यारे थोडी. तेव्हा यातले कोणते हत्यार पेशीला पिसाळविते हे शोधणे सोपे जाईल, असे शास्त्रज्ञांना वाटले.

हत्यार सापडलेही. विषाणूचे एक मोठे प्रथिन होते. पण १९७९ साली लंडनला डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, अमेरिकेत प्रिन्स्टनला आर्नोल्ड लेव्हाइन आणि डॅनियल लिन्झर यांना एक विचित्र गोष्ट दिसली. इतरही दोन-तीन ठिकाणी तिचा सुगावा लागला. विषाणूचे प्रथिन पकडून बाहेर ओढले की त्याच्या हाताला धरून दुसरेच एक प्रथिन बाहेर येई, आणि हे दुसरे विषाणूचे नव्हते, पेशीचे स्वतःचे होते. वजनावरून त्याला पी-५३ हे नाव पडले: ‘पी’ म्हणजे प्रथिन आणि ५३ म्हणजे त्रेपन्न हजार. गंमत अशी की हे वजनही चुकीचे निघाले. खरे वजन चव्वेचाळीस हजारांच्या आसपास. पण मोजण्याच्या चिकट पदार्थातून हे प्रथिन अडखळत सरकते, म्हणून ते जड भासले. नाव मात्र राहिले. माणसांच्या नावांचेही असेच होते.

आता पुढची दहा वर्षे या प्रथिनावर जो आळ राहिला, त्याची हकिगत एखाद्या कादंबरीत शोभावी. कर्करोगाच्या पेशींत पाहावे तर पी-५३ चे ढीग. निरोगी पेशींत ते जेमतेम सापडे. शिवाय १९८४ च्या सुमारास कोणी ते पेशींत घालून पाहिले, तर पेशी अधिकच उच्छृंखल झाल्या. मग काय, निकाल लागला! हाच चोर, निदान चोराचा साथीदार. चोरी होते तेथे हा हटकून हजर असतो, यापरता पुरावा तो कोणता? पण काही प्रयोगांत मेळ बसेना. कित्येक गाठींत हे जनुक मोडून पडलेले दिसे. चोराशिवाय चोरी होते कशी?

उलगडा १९८९ साली झाला. लेव्हाइन यांच्या प्रयोगशाळेत कळून आले की ज्या जनुकाने इतके दिवस प्रयोग चालले होते, तेच मुळी बिघडलेले होते. कर्करोगी पेशींतून घेतलेले, एकदोन अक्षरे बदललेले. निरोगी पेशीतले अस्सल पी-५३ घातले तेव्हा पेशी पिसाळण्याऐवजी थांबल्या. त्याच वर्षी बाल्टिमोरला, ज्या विद्यापीठात रणदिवेबाई शिकून आल्या त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, बर्ट व्होगलस्टाइन यांच्या मंडळींनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दाखवून दिले की पी-५३ च्या दोन प्रतींपैकी एक हरवलेली आणि दुसरी बिघडलेली असते. म्हणजे हा चोर नव्हता. हा गावचा कोतवाल होता. चोरीच्या जागी तो सापडे तो हातपाय बांधलेल्या स्थितीत, आणि दहा वर्षे त्यालाच बेड्या ठोकण्याची तयारी चालली होती. १९९२ साली लेन यांनी त्याला अनुवंशिक पोथीचा रक्षक म्हटले, आणि १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्याला त्या वर्षाचा रेणू म्हणून गौरविले. सरकारदरबारी बरे झालेले नाव असे उशिरानेच येते.

या कोतवालाची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. एरवी तो पेशीत असून नसल्यासारखा. एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याला सतत धरून मोडीत काढीत असते, कारण सदा दांडा आपटणारा कोतवाल गावालाही परवडत नाही. पण पोथीचे पान फाटले, ऊन-किरण-विषाने एखादा धागा तुटला, की त्याची ही पकड सुटते. काही तासांत पी-५३ साठते आणि पोथीवरच बसून इतर जनुकांना हाका घालू लागते. त्यांतले पी-२१ हे १९९३ साली सापडले. ते पेशी दुभागण्याचे यंत्रच अडवून धरते. तेवढ्या अवकाशात दुरुस्ती झाली तर ठीक, काम पुन्हा चालू. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर मात्र कोतवाल त्या पेशीला स्वतःचा अंत करावयास लावतो. ती निमूटपणे आवळते, तुकडे होते, शेजारच्या पेशी तिला गिळून टाकतात. आपल्या अंगात हे कोठे ना कोठे नेहमी घडत असते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

कोतवाल गेला की फाटकी पोथी तशीच पुढे उतरली जाते. माणसाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-५३ चे जनुक बिघडलेले आढळते. अर्थात एका चुकीने भागत नाही. पेशीला आणखीही चार-पाच कुलपे तोडावी लागतात, आणि म्हणूनच वीस-पंचवीस वर्षे लागतात. शेजारी का वाचतो, याचे उत्तरही पुष्कळसे येथेच आहे: कोणत्या पेशीत कोणते अक्षर पुसले जाईल, हा बराचसा दैवाचा खेळ. काही थोड्या घराण्यांत मात्र मुले एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतात. ली आणि फ्रॉमेनी या डॉक्टरांनी १९६९ साली अशी कुटुंबे नोंदविली होती. कारण १९९० साली कळले. त्या घरांत लहानग्यांनाही कर्करोग गाठतो.

कोतवालाला बाजूला सारण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. विडी-सिगारेटच्या धुरातील काजळीसारखे एक द्रव्य पी-५३ च्या जनुकावर ज्या ठरावीक अक्षरांपाशी चिकटते, नेमकी तीच अक्षरे फुप्फुसाच्या कर्करोगात बिघडलेली असतात, हे १९९६ साली दाखविले गेले. गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे म्हणतात ते याहून निराळे काय असतात? ओलसर जागी साठविलेल्या मक्या-भुईमुगावर धरणारी एक बुरशी यकृतातील पेशींत आणखी एका ठरावीक अक्षरावर घाव घालते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तऱ्हा तर वेगळीच. तेथे पी-५३ चे जनुक बहुधा शाबूत असते. पण मानवी पॅपिलोमा विषाणूचे ई-६ नावाचे प्रथिन तयार झालेल्या कोतवालालाच धरून पेशीच्या मोडीत टाकते. हेला पेशींत हेच चालले आहे, गेली सत्तरांहून अधिक वर्षे! आपल्याकडे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात या विषाणूची एकदाच तपासणी करून वेळीच उपचार केले, तर या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात असे आढळले. २००९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी त्यात गावोगाव पाय झिजविले होते.

आणि गालाच्या खाचेचे काय? परळच्या संस्थेत डॉ. धनंजया सारनाथ आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखविले की तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे एक-तृतीयांशांत एच-रास या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते. रास म्हणजे वाढीला ‘चल’ म्हणणारे प्रथिन. त्याची कळ दाबलेल्या अवस्थेतच अडकून बसते. पुढे २०१३ साली कल्याणी (बंगाल) आणि खारघर येथील शास्त्रज्ञांनी भारतीय रुग्णांच्या हिरडी-गालाच्या कर्करोगातील जनुके अक्षरन्‌अक्षर वाचून काढली. खारघरची संस्था म्हणजे परळच्या त्या जुन्या केंद्राचाच पुढचा अवतार. वारंवार मोडलेल्या जनुकांच्या यादीत पहिला होता पी-५३. खानोलकरांनी काचेवर ज्या खाचेतला तुकडा पाहिला, त्याच खाचेतील पुसलेली अक्षरे त्यांच्या वारसांनी अडुसष्ट वर्षांनी वाचली. यापेक्षा काळजीची गोष्ट अशी की गालातील पांढरा चट्टा अजून चट्टाच असतो, दुखत-खुपत नाही, तेव्हाही काही वेळा त्यातला कोतवाल आधीच गेलेला असतो.

जाता जाता हत्तीची एक गोष्ट. हत्तीच्या अंगात माणसापेक्षा कितीतरी अधिक पेशी. आयुष्यही साठ-सत्तर वर्षांचे. मग त्याला कर्करोग सतत व्हायला हवा. तो होतो फार कमी. २०१५ साली कारण उमगले: माणसाला पी-५३ च्या जनुकाची एक जोडी, तर हत्तीला तशा वीसपर्यंत! इजा झालेली पेशी हत्तीचे शरीर आपल्याहून फार लवकर निकालात काढते. २०२२ साली छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप गडचिरोली-गोंदियातून फिरत आमच्या भंडारा जिल्ह्यातही येऊन गेला. धानाची नासाडी झाली, लोक रात्र रात्र जागले. त्या प्रत्येक हत्तीच्या एकेका पेशीत कितीतरी जोड्या कोतवाल पहाऱ्यावर होते, हे मला नंतर आठवले आणि त्या आडदांड पाहुण्यांविषयी थोडा आदर वाटला.

माणसाने उसना कोतवाल आणून पाहिला नाही असे नाही. चीनमध्ये २००३ साली पी-५३ चे अस्सल जनुक विषाणूत भरून मानेच्या आणि तोंडाच्या गाठींत टोचण्याच्या औषधाला परवानगी मिळाली. इतर देशांत मात्र ते रूढ झाले नाही. बिघडलेल्या पी-५३ ला पुन्हा सरळ करणारी औषधे अनेकांनी हाती घेतली आहेत. काम चालू आहे.

मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र दुसऱ्या टोकाने प्रयत्न केला होता. केरळ, आंध्र आणि गुजरात या तीन प्रांतांतील खेड्यांत तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ३६ हजारांवर लोकांना वर्षानुवर्षे भेटून, तोंडे तपासून, समजावून त्यांनी सवय सोडविण्याची खटपट केली. १९८६ साली पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी सोडली नाही. तशी अपेक्षाही नव्हती. पण ज्यांनी सोडली वा बरीच कमी केली, त्यांच्या गालांत नवे पांढरे चट्टे कितीतरी कमी उठले, आणि उठलेल्यांपैकीही काही आपोआप मावळले.